वामनाची तीन पावले

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, एक स्नेही आमच्याकडे सपत्नीक फराळाला आले. हातात नेहमीचा मिठाईचा पुडा नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला निळ्या रोगणाचा एक पसरट थाळा होता आणि थाळ्यात हातभर उंचीची करवंद होती. खोड पोटरीएवढे जाड, साल भेगाळलेली, फांद्या वाऱ्याने एका अंगाला लोटल्यासारख्या. झाड पाहून क्षणभर माझेही मन हरखले, हे कबूल करते.

"ऐंशी वर्षांचे आहे," ते म्हणाले. "मुळशीचे. धरणाच्या वरच्या अंगाला, ताम्हिणीच्या वाटेवर डोंगरात होते. तिथल्या एका माणसाला पाचशे रुपये दिले, त्याने टिकावाने अर्ध्या तासात काढून दिले. तुम्हाला झाडांचा नाद, म्हणून मुद्दाम तुमच्यासाठी."

मी थाळा हातात घेतला. पाने हिरवीगार होती. पण करवंदीची चामड्यासारखी पाने तोडलेल्या फांदीवरही कितीतरी दिवस हिरवी राहतात. बोटाने माती उकरून पाहिली. सोटमूळ टिकावाच्या घावाने तिरपे तुटले होते आणि अन्नपाणी ओढणारी बारीक मुळे जवळजवळ नव्हतीच. झाड गेल्यात जमा होते.

"पुन्हा असे करू नका," मी म्हणाले. त्यांना ते लागले. "अहो, डोंगरावर करवंदीच्या जाळ्याच जाळ्या आहेत. त्यातले एक काढले तर काय बिघडले? आणि तिथे ते कुणाच्या उपयोगाचे होते?"

मी चकलीची बशी पुढे सरकवली आणि विषय बदलला. सणाच्या दिवशी घरी आलेल्या माणसाशी भांडू नये, ही आपली रीत आहे. पण ते भांडण वर्षभर माझ्या मनात तसेच राहिले. आज पुन्हा दिवाळी आली आहे. ते या पानांवर एकदाचे करून टाकते.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे गैरसमज नको. मी वामनवृक्षांच्या विरुद्ध नाही. गेली तीस वर्षे माझ्या गच्चीवर त्यांचाच संसार आहे. त्यामुळे दुसऱ्या बाजूने येणारे टोमणेही मला पाठ आहेत. "झाडाला उपाशी ठेवता, तारांनी करकचून बांधता, हा छळ आहे," असे सांगणारी दयाळू माणसे दर प्रदर्शनात भेटतात. त्यांच्या अंगणातली मेंदीची कुंपणे महिन्याला कातरली जातात आणि नाशिकची द्राक्षे वर्षातून दोनदा छाटली जातात, त्याचा त्यांना राग येत नाही. उपाशी ठेवलेले झाड थाळ्यात जगत नाही. वितभर मातीत राहणाऱ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी लागते, दोन-तीन वर्षांनी नवी माती लागते आणि तार सालीत रुतण्याआधी काढून घेणारा डोळा लागतो. परसातल्या आंब्याचे एवढे लाड कोणी करीत नाही. तेव्हा क्रौर्य शोधायचे असेल, तर ते थाळ्यात शोधू नका. झाड जिथून आले त्या खड्ड्यापाशी शोधा.

बोन्साय या जपानी शब्दाचा अर्थ ताटात लावलेले झाड एवढाच. आपण त्याला वामनवृक्ष म्हटले. नाव गोड आहे. पण ज्या पाडव्याला ते झाड माझ्या घरी आले, तो बळीचाही दिवस, हे मला विसरता येईना. वामन बटू होऊन आला, अगदी लहान दिसत होता आणि त्याने मागितली ती फक्त तीन पावले जमीन. बळीला वाटले, एवढ्याशा पोराच्या पावलांत काय जाणार आहे! पहिल्या दोन पावलांतच पृथ्वी आणि स्वर्ग गेला, आणि तिसरे पाऊल दात्याच्या डोक्यावर पडले.

आमच्या छंदाचीही तीन पावले आहेत. "एकच तर झाड" हे पहिले. ते थाळ्यात सजले, चारचौघांनी वाखाणले, की दहाजण विचारतात, "कुठून आणलेत?" आणि ज्याला एका झाडाचे पाचशे मिळाले, तो पुढच्या खेपेला दहा काढून ठेवतो. हे दुसरे. त्या दहांतली आठ मरतात, म्हणून मागणी आणखी वाढते. तिसरे पाऊल डोंगराच्या डोक्यावर.

आता "कुणाच्या उपयोगाचे?" या प्रश्नाकडे येते. तो विचारणाऱ्याने वैशाखात ताम्हिणीच्या रस्त्याने एकदा जाऊन यावे. वळणावळणावर बायका आणि पोरे पानांच्या द्रोणात करवंदे घेऊन उभी असतात. पुण्याच्या गल्ल्यांतून 'डोंगरची काळी मैना' म्हणून आपण ज्यांची हाक ऐकली, ती हीच. भात अजून पेरायचे असते, घरात रोकड नसते. अशा दिवसांत ही जाळी चार पैसे देते. बुलबुलांचे पोट तिच्यावर, आणि काट्यांच्या आडोशाला उगवलेल्या रोपट्यांचा जीवही तिच्यावर. कारण करवंदीच्या पोटात शेळीचे तोंड पोहोचत नाही. मुळशीच्या पावसात उतारावरची वितभर माती जी काही टिकते, ती असल्या झुडपांच्या मुळांच्या मिठीत टिकते.

आणि ते खोड तसे देखणे झाले कशाने? आम्ही वामनवृक्षवाले स्वतःला मोठे कलावंत समजतो. पण डोंगरावर आमचे उस्ताद बसलेले आहेत. शेळी दरवर्षी कोवळा शेंडा खाते, ही पहिली छाटणी. फाल्गुन-चैत्रात वणवा येतो, वरचे सारे जाळतो आणि जमिनीलगतचे खोड तेवढे राखतो. रोपांच्या वाफ्यावर राब जाळण्यासाठी शेतकरी कोयत्याने ऐनाच्या फांद्या दरसाल उतरवतो, म्हणून तिथले ऐन गाठाळ, ठेंगणे आणि म्हाताऱ्यासारखे दिसतात. खाली कातळ मुळांना पसरू देत नाही, वरून वारा एका अंगाला लोटतो. पन्नास-साठ वर्षे ही मेहनत चालते, तेव्हा पोटरीएवढे खोड तयार होते. आम्ही अर्ध्या तासात ते उपटतो आणि थाळ्याखाली स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावतो. दुसऱ्याच्या कवितेखाली आपली सही करण्याला आपण काय म्हणतो?

हे मी उंचावर बसून सांगत नाही. माझाही एक गुन्हा आहे. छंद नवा असताना, पौडच्या पुढे एका उतारावरून मीही एक करवंद काढली होती. दिवाळी नुकतीच सरली होती. पावसाळा संपला, कोरडी थंडी सुरू झाली, म्हणजे झाड हलवायला याहून वाईट वेळ नाही. मला ते ठाऊक नव्हते. खाली गुरे घेऊन बसलेले एक म्हातारे बाबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "ताई, गेल्या साली तिथंच तर करवंदं येचली व्हती आमच्या नातीनं." रागाने म्हणाले नाहीत, नुसते सांगितले. मी हसले आणि झाड मोटारीत घातले. माघ उजाडण्यापूर्वी ते मेले. दोन वर्षांनी आषाढात त्या वाटेने गेले, तेव्हा माझ्या खड्ड्याची जागा सहज सापडली. खड्डा उरला नव्हता. पावसाने त्याची घळ केली होती आणि तांबडे पाणी तिच्यातून खाली भातखाचरात उतरत होते. नातीची करवंदे गेली होती, आणि मातीही.

उपटणे हा शब्द मुळशीत जपून वापरावा. याच खोऱ्यात मुळा-नीलेच्या संगमावर टाटांचे धरण होऊ लागले, तेव्हा १९२१ साली रामनवमीला शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबर होते. आंबेमोहोर पिकवणारी खाचरे आणि पिढ्यांची घरे पाण्याखाली गेली, लढा हरला. पण मुळासकट उपटले जाणे म्हणजे काय, हे या तालुक्याने सगळ्या देशाच्या आधी सांगितले. धरणाची वीज मुंबईला गेली. आज डोंगरातली झाडे पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत जातात. माणसांचे उखडणे आणि झुडपाचे उखडणे यांना मी एका तराजूत तोलत नाही. पण "तिथे ते कुणाच्या उपयोगाचे होते?" हा शहराचा प्रश्न मात्र दोन्ही वेळा एकच होता.

इथे माझे स्नेही जपानचा दाखला काढतात. "जपानी लोकांनी नाही का डोंगरातून झाडे आणली? त्याला ते यामादोरी म्हणतात." आणली, खरे आहे. शिकोकू बेटाच्या डोंगरांतून आणि पुढे इतोइगावाजवळच्या कड्यांवरून शिंपाकू नावाची झाडे दोरांना लटकून काढली गेली. इतकी काढली, की ते कडे जवळजवळ रिते झाले. आज त्याच जातीची झाडे तिथले बागवान छाटकलमांनी वाढवतात. आपण त्यांचा दाखला घ्यायचा, तर चुकीपाशी थांबू नये. चुकीनंतर ते काय शिकले तेही घ्यावे.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर तोक्योचे काही बागवान आपली झाडे घेऊन ओमियाला गेले आणि १९२५ साली तिथे त्यांचे गाव वसले. हिरोशिमाच्या यामाकी घराण्यातले एक पाइनचे झाड १६२५ पासून कुंडीत आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला बाँब पडला तेव्हा ते तिथेच, भिंतीच्या आड होते, आणि वाचले. १९७६ साली त्या घराण्याने ते अमेरिकेला भेट दिले; वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात ते आजही आहे. चारशे वर्षे कोणीतरी रोज त्याला पाणी घातले आहे. माझ्या स्नेह्यांना मी एवढेच विचारीन: आपण आठ दिवस महाबळेश्वरला जातो, तेव्हा आपल्या झाडांना पाणी कोण घालते? याचे उत्तर नसेल, तर ऐंशी वर्षांच्या झाडाला हात लावण्याचा आपल्याला अधिकार नाही.

कायद्याचे म्हणाल, तर तो आहे. राखीव वनातून झाड काय, काही उचलणे १९२७ च्या वन अधिनियमाने गुन्हा आहे. ताम्हिणीचे अभयारण्य २०१३ साली जाहीर झाले. तिथे तर प्रश्नच नाही. खासगी जमिनीवरच्या हिरडा, जांभूळ, ऐन अशा झाडांना १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोडीचा कायदा आहे. पण त्या कायद्याच्या यादीत करवंद नाही, आणि आमचे हुशार लोक नेमके तिथेच बोट ठेवतात. यादीत नाही म्हणजे आपली, असा त्यांचा हिशेब. देवराईतली वाळकी काटकीही उचलू नये, हे सह्याद्रीतल्या गावांनी कोणत्या यादीत वाचले होते? डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला आणि विद्वानांना दाखवून दिले, की गावाच्या भीतिभक्तीने राखलेल्या या तुकड्यांत जुने अरण्य जिवंत उरले आहे. ज्या खेडुताला आपण अडाणी समजतो, त्याने शिपायावाचून राखले. आणि आपण शिकलेले लोक शिपाई नाही ना, एवढेच पाहतो.

मग डोंगराकडे मुळी बघूच नये का? बघावे, पण ज्या झाडाचे मरण आधीच ठरले आहे, त्याच्याकडेच हात न्यावा. अशा झाडांचा या तालुक्यात तुटवडा नाही, हेच दुःख आहे. हिंजवडी-माणपासून पिरंगुटपर्यंत आणि पुढे धरणाच्या कडेकडेने डोंगर कापून बंगले उठताहेत, रस्ते रुंद होताहेत. करवंदीची जुनी कुंपणे काढून तिथे सिमेंटच्या भिंती येताहेत. जेसीबी एका सकाळी शंभर झाडे उपटतो, आणि संध्याकाळी त्यांची होळी होते. तिथे जा. आधी सातबारा पाहा, जमीन कोणाची ते समजून घ्या, मालकाची लेखी परवानगी घ्या, झाड यादीतले असेल तर सरकारी परवानगीही. ते झाड तुम्ही उचललेत, तर त्याचे पुनर्वसन होते. मरण न ठरलेले झाड उचललेत, तर ती चोरी, मग खिशात पावती असो वा नसो.

आणि पुनर्वसन करायचे तर नीट करा. ज्याची पाने गळतात, त्याला नवी पालवी फुटण्याआधी, माघ-फाल्गुनात हलवावे. वड, उंबर, पिंपरी यांसारख्यांना पावसाची झड बसल्यावर, आषाढात. वेळ असेल तर पहिल्या वर्षी झाडाभोवती अर्धाच चर खणून मुळे करवतीने साफ कापावी आणि चर भरून टाकावा. कापल्या जागी बारीक मुळांचा झुबका फुटतो. उरलेला अर्धा दुसऱ्या वर्षी. मातीचा गोळा न फोडता ओल्या गोणपाटात बांधून आणावा. आणल्यावर शोभेच्या थाळ्याचे नावही काढू नये. खोल लाकडी खोक्यात मुरूम, विटांचा चुरा आणि जाड वाळू भरून त्यात लावावे, सावलीत ठेवावे, आणि दोन-तीन पावसाळे त्याला तार, कात्री काही दाखवू नये. आजारी माणसाचे केस कापायला कोणी न्हावी बोलावीत नाही. खड्डाही भरून यावा; जिथून एक नेले, तिथे किंवा शेजारच्या उतारावर करवंदीच्या ताज्या बिया टोचून याव्या.

एवढी यातायात नको असेल, तर डोंगरापर्यंत जाण्याचेही कारण नाही. पुण्यातल्या पडक्या वाड्यांच्या भिंती पाहा. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून पिंपळ, वड, उंबर विटांच्या फटीत उगवतात, चुना खाऊन ठेंगणेच राहतात आणि भिंत फोडतात. ते काढावेच लागतात. वाडा पाडायला घेतला की मालकाला विचारून ते उतरवा. मोठ्या झाडाची देखणी फांदी हवी असेल, तर पावसाळ्यात तिची साल गोल काढून, ओले शेवाळ बांधून गुटी कलम करा. झाड जागेवर राहते आणि फांदी मुळे घेऊन तुमच्याकडे येते. वडा-उंबराच्या जाड फांदीची छाटसुद्धा लागते. जो माणूस छाटीने येणारे झाड मुळासकट उपटतो, त्याला वामनवृक्ष नको असतो. म्हातारे खोड आजच्या आज हवे असते. त्याने छंद बदलावा. जुनी नाणी जमवावी. त्यांना पाणी घालावे लागत नाही.

आता एक मागणी. २०१८ साली पुण्यात बोन्सायचे जागतिक संमेलन आणि प्रदर्शन भरले. या छंदात आपल्या शहराचे नाव झाले आहे. तेव्हा पहिला नियमही आपणच करावा. प्रदर्शनात प्रत्येक झाडापुढे त्याची जात आणि मालकाचे नाव लिहिलेले असते. त्याखाली आणखी तीन ओळी असाव्या: हे कुठून आले, कोणाच्या परवानगीने आले, आणि कोणत्या साली. मुलीचे स्थळ बघताना आपण पत्रिका मागतो, गाय घेताना दाताला हात लावतो. मग झाडाची जन्मपत्रिका मागायला लाज कसली? ज्याची पत्रिका कोरी, त्याला बक्षीस नाही. मागणी तुटली की पाचशे रुपयांचा टिकाव आपोआप खाली बसेल. त्या टिकाववाल्याला मी दोष देत नाही. त्याच्या घरी चूल आहे. दोष आहे तो पाचशे रुपये काढणाऱ्या हाताचा, आणि थाळा बघून "वा!" म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांचा. त्या पाडव्याला क्षणभर माझे मन हरखले होते, ते मी म्हणूनच वर लिहून ठेवले.

त्या करवंदीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी तिला थाळ्यातून काढून मोठ्या खोक्यात लावली, ओल्या फडक्याखाली ठेवली, जे जे येते ते केले. पौषात पाने पिवळी पडली, माघात साल सुटली. निळा थाळा धुऊन मी तो त्यांच्या घरी परत दिला. ते म्हणाले, "असू दे हो, दुसरे आणू." म्हणून तर हा लेख.

तेव्हा यंदा पाडव्याला माझ्याकडे येणाऱ्या मंडळींना आगाऊ विनंती आहे. रिकाम्या हाताने या. चिवडा, चकल्या, अनारसे सगळे तयार आहे. वाड्याच्या भिंतीतला पिंपळ उतरवून आणलात, तर दाराशी ओवाळून घेईन. पण डोंगरातले झाड घेऊन आलात, तर या खेपेला सण आहे म्हणून मी गप्प बसणार नाही.